काजळकड्याची ठमा

फार वर्षांपूर्वी, डोंगरात गाडीवाट नव्हती आणि जांभूळदऱ्याला पोचायचं तर थोरलं तळं ओलांडावं लागायचं, त्या काळची ही गोष्ट. तळ्यावर तराफा चालवायची ठमा. आईबाप लवकर गेले, म्हणून धाकट्या भावाला, लहानूला, तिनेच वाढवलं. ठमाची जीभ फार तिखट, असं म्हणतात. पण ती तशी का झाली, तेही ऐका.

तळं देखणं. तराफ्यावर पाय ठेवला की पाहुणा विचारायचा, पोहायला चांगली जागा कुठली? ठमा सांगायची. पोरंबाळं असतील तर उंबराचा काठ. पाणी कमरेएवढं आणि पायाखाली वाळू. पोहता येत असेल तर म्हैसधोंडा. बुडी मारावी आणि तापल्या दगडावर पाठ शेकत पडावं. दिवस कलता जायचं तर देवळामागचा कोपरा, तिथे वारा लागत नाही. फक्त काजळकड्याखाली उतरू नका. तिथे तळाशी गार झरा आहे, पाय आखडतात.

पाहुणा मान डोलवायचा. आणि तराफ्यावरून उतरला की सरळ काजळकड्याकडे चालू लागायचा, कारण तिथलं पाणी सगळ्यांत हिरवं दिसायचं.

मग ठमाने तराफा वळवायचा, उडी टाकायची, केस धरून माणूस काठाला आणायचा, पालथा घालून पाणी काढायचं. शुद्धीवर येऊन तो म्हणायचा, इतकं खोल असेल असं वाटलं नव्हतं. देवळातला गुरव बुडाला. पाटलाचा जावई बुडाला, आणि पुढच्या वर्षी तोच जावई पुन्हा बुडाला. ठमा प्रत्येकाला काढायची आणि काढता काढता बोलायची. असं म्हणतात, की ती पाण्याखालीही बोलत असायची, आणि वर बुडबुडे फुटले की काठावर तिचे शब्द ऐकू यायचे.

लहानूचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी पाहुणे तळ्यावर आंघोळीला निघाले, तेव्हा ठमाने त्याला बाजूला घेऊन बजावलं. तो हसला.

"अक्का, रोज तेच काय सांगतेस? मी तुझाच भाऊ आहे. मला पाणी शिकवू नकोस."

आणि पाहुण्यांच्या देखत त्याने काजळकड्यावरून उडी घेतली. पाण्यावर हळदीचा पिवळा तवंग पसरला. लहानू काही वर आला नाही.

ठमाने नेसूचा काचा मारला आणि बुडी घेतली. ती खाली गेली, आणखी खाली गेली, जिथे माणसाचा श्वास पुरत नाही तिथे गेली. तळाशी साती आसरा, पाण्यातल्या देवता, बसल्या होत्या, आणि एकीच्या मांडीवर लहानूचं डोकं होतं. ठमाने त्यांना बोलायला सुरुवात केली. आजवर माणसांना बोलली ते सगळं बोलली, वर आणखी बोलली. काठावर पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं, असं म्हणतात.

आसरांनी ऐकून घेतलं. मग थोरली म्हणाली, "बाई, आम्ही कुणाला ओढत नाही. तुमचीच माणसं आमच्या अंगणात येऊन पडतात. आम्हीही वैतागलो आहोत."

इतक्या वर्षांत ठमाच्या मनातलं कुणी बोललं नव्हतं. ती दमून त्यांच्याशेजारी बसली. तिने लहानूकडे पाहिलं. आज याला वर नेलं तरी उद्या दुसरा उडी मारणार, हे तिला कळत होतं.

"वरून सांगितलेलं यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "मी इथेच राहते. निदान हाताशी तरी येतील."

तिने लहानूच्या गालावरून हात फिरवला. मग त्याच गालावर एक सणसणीत ठेवून दिली आणि त्याला वर ढकललं.

लहानू जिवंत वर आला. गालावर पाच बोटं उमटली होती, ती जन्मभर गेली नाहीत. काठावर बसून तो दिवस मावळेपर्यंत अक्काला हाका मारत राहिला. पुढे तराफा त्याने चालवला. तोही प्रत्येकाला सांगायचा, काजळकड्याखाली उतरू नका. माणसं मान डोलवायची आणि तिकडेच जायची. तेव्हा तो तराफ्यावर बसून रडायचा, असं म्हणतात. पण त्यानंतर तिथे कुणी बुडालं नाही. जो बुडायला लागे, तो लाल गाल घेऊन काठाला येऊन पडे.

जांभूळदऱ्यात आजही ठमाला नारळ फोडत नाहीत, दिवा लावत नाहीत. पोहायला निघालेल्या माणसाला घरातली बाई दारात उभं करते आणि भरपूर बोलून घेते. बोलणी खाल्ल्याशिवाय तळ्यात पाऊल टाकायचं नाही, अशी रीत आहे. आणि ज्याच्या घरी बोलायला कुणी उरलेलं नाही, तो खांद्यावर पंचा टाकून शेजारणीच्या दारात जातो आणि म्हणतो, "वहिनी, मला तेवढं बोला."

शेजारीण हातातलं काम ठेवते, पदर खोचते, आणि त्याला घरच्यासारखं बोलते.