मथुरेजवळ महाराज बसले

त्या चैत्रात श्रीरेणागिरी महाराज पहिल्यांदाच पाथरवाडीस आले. नुकतीच गावातून तापाची साथ गेली होती. बांगड्या भरणाऱ्या विधवा मथुरेची दोन्ही लेकरे एकाच आठवड्यात गेली, आणि एके सकाळी तिने बारवेत उडी टाकली. पाणी भरणाऱ्या बायकांनी तिला ओढून काढले. प्राण राहिला, पण जगायचे मन काही राहिले नाही.

चार दिवस ती देवळाच्या ओट्याशी बसून होती. घरी जाववत नव्हते. घास गिळवत नव्हता. लेकरे नेली, मग मलाच का ठेवले? एवढेच आत कुरतडत होते. ज्यांनी काढले, त्या बायकाही आता लांबून वळसा घालत.

चौथ्या दिवशी देवळातले त्र्यंबकशास्त्री तिच्यावर ओरडले, "जीव देणारीला देवाच्या दारात जागा नाही. बारव बाटवलीस ती पुरे. ऊठ!"

मथुरा उठली. कुठे जायचे ते तिला कळेना. इतक्यात डोक्यावर हात आला.

"बस, माय," महाराज म्हणाले, आणि स्वतःच धुळीत तिच्याजवळ बसले.

"मला का काढलं, महाराज?"

"ते मलाही ठाऊक नाही गं. लेकरांची नावं काय होती?"

चार दिवसांत हे कुणीच विचारले नव्हते. "येसू," ती म्हणाली, "आन् धाकटा भिवा." आणि तिला हुंदका फुटला.

शास्त्री हसले. "अशीला जवळ करा, महाराज! उद्या सारा गाव उड्या टाकील!"

महाराजांनी मान वर केली नाही. "शास्त्रीबुवा, तुमच्या दुर्गीचा पाय घसरला नव्हता."

काय ही अंतर्ज्ञानाची खूण! आपल्या लेकीने जीव दिला, हे शास्त्र्यांनी वीस वर्षे बायकोपासूनही लपवले होते. त्यांच्या हातची काठी गळून पडली.

"आदल्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली होती, महाराज. मी जपात होतो. ऊठ म्हणालो तिला. देवानं टाकलं का हो तिला?"

"देव कुणाला टाकत नाही, बुवा. तिला माणसाचा हात हवा होता. हिला तो मिळालाय, आता सोडू नका." मग महाराज बायकांकडे वळले. "हिला एकटं ठेवू नका. पाळीपाळीनं हिच्या घरी राहा."

एकीने पुढे होऊन मथुरेच्या हाती भाकरी दिली. तिने एक तुकडा मोडला. दुःख तसूभरही हलले नव्हते. तरी तो तुकडा तिने गिळला.

शास्त्र्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. मथुरा बावरली. मग थोडी सरकली, आणि त्यांना शेजारी बसायला जागा दिली.