पडद्यावरचे समाधानी

काम न होताच समाधानी झालेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? सावरखेडच्या तहसील कचेरीत तसे ढिगाने होते.

तहसीलदार भोसेकरांनी तिथे मोठा पडदा बसवला होता. दाखला हातात पडला की अर्जदाराने बटण दाबायचं, मग पडद्यावर त्याच्या नावापुढे हसरा हिरवा चेहरा उमटायचा. पण साहेबांच्या हुकमाने शिपाईच अर्ज येताक्षणी बटण दाबून मोकळा होई.

इंदूबाई खरवडे लेकीच्या रहिवासी दाखल्यासाठी दीड महिना खेटे घालत होत्या. नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत उद्या संपत होती, आणि नेमक्या आजच जिल्हाधिकारी मॅडम पाहणीला आल्या.

साहेब छाती फुगवून म्हणाले, "मॅडम, एकही माणूस नाराज नाही. आणि यंत्र कधी खोटं बोलत नाही!"

पडद्यावर स्वतःचं नाव दिसताच इंदूबाई पुढे झाल्या. "साहेब, माझा दाखला द्या."

"अहो बाई, तो अजून तयार नाही. मधे बोलू नका."

"असं कसं? तो मला मिळाला आणि मी खूश होऊन हसले, असं तुमचं यंत्र सांगतंय. ते तर खोटं बोलत नाही ना? मग दाखला तुमच्याच टेबलावर राहिला असेल माझा. तेवढा बघा."

साहेब टेबलावरचे कागद उगाचच चाळू लागले.

"बघा ना, भोसेकर," मॅडम म्हणाल्या. "पडद्यावरच्या बाकीच्यांचेही तिथेच राहिले असतील. सगळे घरपोच द्या. स्वतः."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोसेकर साहेब दाखला घेऊन इंदूबाईंच्या दारात उभे होते, आणि शिपाई पुढच्या घराचा पत्ता विचारत होता.