जागा कोणी अडवली?

एकदा एका खाडीकाठच्या मठात मोठाच पेच उभा राहिला. तांडेल नावाचे एक वृद्ध नावाडी दुसऱ्या दिवशी कायमचे मुलीकडे परमुलखात निघाले होते. वल्ही मारताना म्हणायची जुनी गाणी आता त्यांच्याखेरीज कोणालाच येत नव्हती. जाण्याआधी ती ध्वनिमुद्रित करून ठेवावीत म्हणून ते मठात आले, आणि नेमकी संगणकाच्या पडद्यावर सूचना उमटली : जागा शिल्लक नाही.

संगणक सांभाळणाऱ्या विश्वंभर नावाच्या शिष्याने बाह्या सरसावल्या. "गुरुजी, नको ती सॉफ्टवेअर काढून टाकतो," म्हणत तो नुसती नावे पाहून एकेक पॅकेज उडवू लागला. बुद्धिबळाचा खेळ गेला. मग कसलेसे अनोळखी पॅकेज गेले आणि त्यासरशी पडद्यावरची सारी मराठी अक्षरे नाहीशी होऊन तिथे रिकामे चौकोन उभे राहिले. जागा मात्र होती तेवढीच दिसत होती.

"जे काढलेस, त्याने किती जागा व्यापली होती?" गुरुजींनी विचारले.

"ते पाहिले नाही."

"मग आधी अक्षरे परत आण, आणि मोज."

अक्षरे परतली. विश्वंभराने प्रत्येक पॅकेजची जागा मोजली, बेरीज केली आणि गोंधळून म्हणाला, "गुरुजी, ही सगळी मिळून एका कोपऱ्यात मावतात."

"मग उरलेल्या घरात कोण राहते?"

विश्वंभराने मान खाली घातली. "आपल्या प्रवचनांची ध्वनिमुद्रणे. अपरिग्रहावरची. एखादे हरवू नये म्हणून प्रत्येकाच्या चार-पाच प्रती ठेवल्या आहेत."

तांडेलांनी उपरण्याने तोंड झाकले. गुरुजी मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत उघड हसले. मग म्हणाले, "सगळी पुसून टाक. मूळ प्रतींसकट."

विश्वंभराचा चेहरा उतरला. "पण गुरुजी..."

"अरे, संचय करू नये हे ज्याला पटले, त्याला ते पुन्हा ऐकण्याचे कारण नाही. ज्याला पटले नाही, त्याने पाच प्रती केल्या. तू अनोळखी नावांवर संशय घेतलास आणि ज्यावर माया होती ते मोजलेच नाहीस. घर आवरायला निघालेला माणूस प्रथम दुसऱ्याचेच गाठोडे उचलतो. मी उद्याही बोलेन. हे तांडेल उद्या इथे नसतील."

विश्वंभराने प्रवचने पुसली. तांडेल घसा खाकरून गाऊ लागले. आवाज फाटका होता, पण ठेका असा पक्का की गुरुजींचा हात आपोआप गुडघ्यावर ताल धरू लागला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी नेहमीप्रमाणे प्रवचनाला बसले. आता ध्वनिमुद्रण करायचे नव्हते, म्हणून विश्वंभर रिकाम्या हातांनी श्रोत्यांत जाऊन बसला. ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आले, की इतकी वर्षे जपून ठेवण्याच्या गडबडीत त्याने गुरुजींचे एकही प्रवचन ऐकले नव्हते.