उघाडीवरची दुसरी हाक

खाडी समुद्राला मिळण्याआधी जिथे शेवटचे वळण घेते, तिथे सावरखार नावाचे ख्रिस्ती गाव आहे. त्या गावात गास्पार महाराज एका पावसाळ्यापुरते येऊन राहिले होते. अंगात जाडीभरडी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस, पायांत काही नाही. प्रभू येशूचे नाव घेत ते वर्षानुवर्षे डोंगरातल्या पाड्यांवर हिंडले होते. तिथल्या लोकांनी त्यांना प्रेमाने ‘महाराज’ म्हटले आणि ते नाव त्यांच्याबरोबर डोंगर उतरून खाली आले. सावरखारच्या फादरांनाही ते आवडले. त्यांनी चर्चमागची खोली झाडून महाराजांना राहायला दिली.

बंधुभगिनींनो, गाव कसे आहे ते आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची लीला कळायची नाही. सावरखारची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा सखल आहे. मध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि त्या बांधात एक उघाडी. उघाडी म्हणजे पाण्याचे दार: दोन दगडी खांब आणि त्यांच्या खाचांतून वरखाली होणारी एक जाड फळी. ओहोटीला फळी उचलायची आणि शेतातले जास्तीचे पाणी खाडीत सोडायचे. भरतीच्या आधी फळी खाली टाकायची. एवढेच काम, पण त्यावर गावाचे ताट अवलंबून. फळी बसली की उघाडीवाल्याने तिच्यावर बोटाने क्रूस काढायचा आणि गावाकडे तोंड करून हाक द्यायची, “बंद झाली होऽऽ!” ती हाक कानावर आली की मग सावरखार निर्धास्त होई.

ही हाक देण्याचा मान बस्त्यावच्या घराण्याचा. त्याच्या आजाने दिली, बापाने दिली, मग बस्त्याव देऊ लागला. आणि एके वर्षी, ऐन भात फुलोऱ्यात असताना, भाचीच्या लग्नात बस्त्याव मांडवात बसला होता. घुमटाचा ताल आणि गाणे रंगात आले होते, माडीही पोटात बरीच गेली होती. भरतीची वेळ झाली तसा तो उठला, पण कोणीतरी हात धरून त्याला खाली बसवले. एवढे गाणे संपले की जातो, असे त्याने मनाशी म्हटले. आणि गाव काळजीत राहू नये म्हणून मांडवाच्या टोकाला जाऊन तिथूनच हाक दिली, “बंद झाली होऽऽ!” खोटे बोलायला तोंड लागते, खरे करायला पाय! त्याचे पाय काही मांडवातून हलले नाहीत. खाडी मात्र वेळेवर आली. उभे पीक खाऱ्या पाण्यात गेले आणि त्या वर्षी सावरखारने विकतचा तांदूळ खाल्ला.

बस्त्याव रडला. फादरांपुढे गुडघे टेकून त्याने पाप कबूल केले, फादरांनी क्षमेचे शब्द उच्चारले. पण त्या दिवसापासून तो बांधाकडे फिरकला नाही. कोणी फळीचे नाव काढले तरी तो हात सदऱ्याच्या बाह्यांत ओढून घेई. उघाडी कैतान पाटलांनी आपल्याकडे घेतली. पाटील गावचे पुढारी, सगळ्यांत मोठे शेत त्यांचे, नुकसानही त्यांचेच मोठे. ते फार वाईट नव्हते, पण त्यांची जीभ तिखट होती. रस्त्यात बस्त्याव दिसला की ते हात तोंडाशी धरून ओरडत, “बंद झाली होऽऽ!” आणि पारावरची सगळी मंडळी खोखो हसत. बस्त्याव मान खाली घालून निघून जाई.

अशा गावात गास्पार महाराज आले. रोज संध्याकाळी गावातल्या दगडी क्रुसापाशी माळेची प्रार्थना होई, महाराज तिला बसत. प्रार्थना संपली की कोणाला आजारपणाचे विचारत, कोणाच्या डोक्यावर हात ठेवत. आणि सगळ्यांत मागे बसलेल्या बस्त्यावकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणत, “बस्त्याव, उघाडी बंद केलीस का?”

पहिल्या दिवशी सगळे चपापले. महाराजांना जुनी गोष्ट ठाऊक नसेल, असे वाटून गावातल्या फिलूमावशीने त्यांना बाजूला नेऊन सारे सांगितले. महाराजांनी नीट ऐकून घेतले, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारले. तिसऱ्या दिवशीही तेच.

मग काय, गावाला चघळायला विषय मिळाला. महाराज असे का विचारतात? विहिरीवर एक म्हणे, हे प्रायश्चित्त आहे, रोज लाजवून त्याचे पाप झिजवताहेत. दुसरी म्हणे, छे गं, वयामुळे विसरतात बिचारे. पण ज्या महाराजांना गावातल्या तान्ह्या पोरांचीसुद्धा नावे पाठ होती, ते विसरतील कसे? कैतान पाटलांचा आनंद तर पोटात मावेना.

“बघा,” ते पारावर म्हणाले, “आता संतालाबी गंमत सुचली! मी आपला उगाच बदनाम.”

बस्त्यावला ते फार लागले. पाटलांचे त्याने सोसले होते, पण ज्यांनी आयुष्यात मुंगीला दुखवले नाही ते महाराज आपल्यालाच का टोचतात, हे त्याला कळेना. रात्री जेवण जाईना. रागही यायचा, आणि रागापेक्षा मोठे कुतूहल. कारण महाराजांच्या प्रश्नात हसू नव्हते. जेवलास का, असे आईने विचारावे तसा तो प्रश्न असे. शेवटी एका दुपारी तो चर्चमागच्या खोलीत गेला. महाराज ओटीवर बसून शेंगा सोलत होते.

“महाराज, एक इचारू?” बस्त्याव म्हणाला. “तुमी मला रोज असं का इचारता? माझ्याकडं उघाडी न्हाय. पाटलांकडं हाय. साऱ्या गावाला ठावं हाय.”

“तू कधी उत्तरच देत नाहीस,” महाराज म्हणाले. “म्हणून पुन्हा विचारतो.”

“काय उत्तर देऊ? मी गुन्हेगार मानूस.”

“फादरांनी माफीचे शब्द म्हटले, ते कोणाच्या वतीने म्हटले?”

“देवाच्या.”

“मग ते तू घेतलेस की नाही?”

“घेतले, महाराज. रडत रडत घेतले.”

“आणि कुठे ठेवलेस?” महाराजांनी हातातली शेंग खाली ठेवली. “लग्नातला शालू बायका पेटीत ठेवतात, तशी तू माफी घडी घालून ठेवली आहेस. कधीमधी उघडून बघतोस, रडतोस, परत ठेवतोस. बाळा, ती रोज अंगावर घालून चिखलात उतरायची वस्तू आहे. प्रभूने तुला पापातून सोडवले ते घरात बसायला नव्हे.”

बस्त्याव आपल्या हातांकडे पाहत राहिला. “भ्या वाटतं, महाराज,” तो हळूच म्हणाला. “परत चुकलो तर?”

महाराजांनी त्याच्या ओंजळीत मूठभर शेंगा घातल्या. बस्त्यावला वाटले, निदान आता तरी ते विचारायचे थांबतील. पण त्या संध्याकाळी प्रार्थना संपताच पुन्हा तोच प्रश्न आला आणि बस्त्यावने पुन्हा मान खाली घातली.

असे करता करता भाद्रपदाची अमावास्या आली. वर्षातली मोठी भरती त्या दिवशी असते. आभाळ भरलेले होते, पाऊस नव्हता, पण समुद्राकडून वारा सुटला होता. शेतात भात पुन्हा फुलोऱ्यात आले होते. गावातली दोनचार माणसे पाटलांना म्हणाली, आज आम्ही येतो सोबतीला. पाटील हसले.

“कशाला? जुनी फळी काढून सागाची नवी बसवलीय मी. एका हातानं टाकतो. तुमी जा प्रार्थनेला, माझ्या नावानंबी एक माळ ओढा!”

दिवस कलला तसे सगळे क्रुसापाशी जमले. महाराज डोळे मिटून पुढे बसले होते, अंगावर कोरडी कफनी, हातात माळ. बस्त्याव मागे. अर्धीअधिक माळ झाली आणि बांधाकडून पाटलांची हाक आली, “बंद झाली होऽऽ!” मंडळी मोकळी झाली. कोणी क्रुसाची खूण केली, कोणी पाय पसरले. प्रार्थना पुढे सुरू झाली.

बस्त्यावच्या मात्र अंगावर काटा आला. हाकेत काही चूक नव्हती, शब्द तेच होते. पण ती जरा घाईत आली होती आणि शेवटी जरा जास्तच मोठी झाली होती. अशी हाक त्याने आयुष्यात एकदाच ऐकली होती, ती स्वतःच्या तोंडून.

छे, आपल्याच मनाचे खेळ, असे म्हणून त्याने डोळे मिटले. कोणाला सांगितले तर लोक काय म्हणतील? चोराला सगळे चोर दिसतात म्हणतील. तेवढ्यात, प्रार्थनेच्या मध्ये कधीही न बोलणाऱ्या महाराजांनी मान न वळवता विचारले,

“बस्त्याव, उघाडी बंद केलीस का?”

“पाटलांची हाक आली की, महाराज!” दोघेतिघे एकदम म्हणाले.

“मी पाटलांना नाही विचारले,” महाराज म्हणाले.

बस्त्याव उठला. आज त्याने मान खाली घातली नाही. “बघून येतो, महाराज,” एवढेच म्हणाला आणि बांधाच्या दिशेने पळत सुटला. मागून कोणीतरी हसले, ते त्याच्या कानात शिरलेच नाही.

उघाडीपाशी कैतान पाटील एकटेच होते. नवी सागाची फळी पावसात फुगून खाचेत अर्ध्यावर अडकली होती. तिच्या खालून खाडी घोंघावत आत शिरत होती. पाटील कमरेपर्यंत पाण्यात उभे, दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून, खांद्याने फळी दाबत होते. बस्त्यावला पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“आत्ता बसंल,” ते धापा टाकत म्हणाले. “आत्ता बसंल म्हणून हाक दिली रे! लोक वाट बघत असतील म्हणून... गावात बोलू नको, बस्त्याव. तुझ्या पाया पडतो.”

काय सांगावे! बस्त्यावच्या मनात किती गोष्टी आल्या. सगळ्या गावाला ओरडून बोलवावे, पाटलांना असेच भिजलेले दाखवावे, आणि पारावरच्या प्रत्येक हसण्याची परतफेड करून घ्यावी. संधी चालून आली होती. पण पाणी आत जात होते आणि भात फुलले होते.

तो पाण्यात उतरला. फळीजवळ गेला आणि त्याचे हात थांबले. इतका काळ ज्या लाकडाचे नाव काढवत नव्हते त्याला आता हात लावायचा होता.

“प्रभू,” तो म्हणाला, “हेच हात हायेत. दुसरे माझ्याकडं न्हाईत.”

ओल्या फळीवर त्याने बोटाने क्रूस काढला आणि तिच्या वरच्या कडेवर दोन्ही तळवे टेकून जोर लावला. फळी हलली नाही. पुन्हा लावला. आणि तिसऱ्यांदा जोर लावताना त्याच्या तळव्यांशेजारी, फळीच्या पलीकडून, आणखी दोन हात आले. तिकडे खाडी होती! तिथे पुरुषभर पाणी आणि उसळती भरती, माणूस उभाच राहू शकला नसता. ते हात म्हातारे होते, त्यांची बोटे फळीच्या कडेवर स्पष्ट दिसत होती. फळी करकरली आणि सरसर खाली जाऊन तळाला बसली. पाण्याचा आवाज बंद झाला.

“पाटील, तुमी कुठून दाबलंत?” बस्त्यावने विचारले.

“मी?” पाटलांचे दोन्ही हात अजून खांबालाच होते. “मी न्हाय. मीबी ते हात पाहिले.”

बस्त्यावने गावाकडे तोंड केले. त्याने पूर्ण दमाने हाक दिली, “बंद झाली होऽऽ!”

दोघे क्रुसापाशी आले तेव्हा लोक उठून उभे होते. दोनदा हाक कशी? बस्त्यावचा आवाज कसा? प्रश्नांचा नुसता गलका झाला.

“दुसरी माझी,” बस्त्याव म्हणाला. “उघाडी बंद हाय.”

“पाटलांनी बंद केल्यावर पुन्हा तू कशाला ओरडलास?” एकाने टोमणा मारला. “मान परत पायजे काय?”

बस्त्याव गप्प राहिला. एक शब्द बोलला असता तर सारे हसणे पाटलांवर उलटले असते. पण तो बोलला नाही, आणि बंधुभगिनींनो, मला विचाराल तर फळी बसली त्याहून हे काही लहान नव्हते. पाटीलही गप्प होते. गोष्ट तिथेच दबली असती. इतक्यात फिलूमावशी किंचाळली, “अगो बाई, महाराज!”

महाराज होते तिथेच बसलेले होते. मंडळींपैकी कोणीही त्यांना जागचे हललेले पाहिले नव्हते. पावसाचा थेंब पडला नव्हता. तरी त्यांची कफनी छातीपर्यंत भिजून निथळत होती. फिलूमावशीने पदराने त्यांचे हात पुसले आणि बोट जिभेला लावले. पाणी खारट होते. आणि महाराजांच्या तळहातात सागाच्या लाकडाचे एक बारीक कुसळ रुतलेले होते.

कैतान पाटलांनी ते पाहिले आणि ते लोकांकडे वळले. “पहिली हाक माझी,” ते मोठ्याने म्हणाले. “ती खोटी होती. फळी अडकली होती, मी लाजेनं सांगितलं न्हाय. यानं येऊन वाचवलं, आणि आत्ताबी यानं माझं नाव घेतलं न्हाय.” मग त्यांना हुंदका आवरला नाही. “ज्या गोष्टीसाठी याला इतकी वर्षं हिणवलं तीच मी केली. माझं आता काय होनार, महाराज?”

महाराजांनी बस्त्यावकडे बोट दाखवले. “याचे काय झाले ते बघ,” ते प्रेमाने म्हणाले. “तुझेही तेच होईल.”

पाटील बस्त्यावसमोर आले. त्याचे पाय घोट्यापर्यंत बांधाच्या चिखलाने माखलेले होते. सगळ्या गावासमोर पाटील गुडघ्यांवर बसले, वाकले आणि त्या पायांवर त्यांनी कपाळ टेकवले. बस्त्याव गडबडला. मागे सरू की त्यांना उठवू, हे त्याला समजेना. मग त्याने खाली बसून त्यांच्या खांद्यांना धरले.

“उठा पाटील, उठा,” तो म्हणाला. “सकाळी दोघं मिळून फळी तासू. एकट्याचं काम न्हाय ते.”

पाटील उठले. त्यांच्या कपाळावर चिखलाचा मोठा डाग उमटला होता. फिलूमावशी पदर घेऊन पुढे झाली, पण त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि तो डाग तसाच घेऊन ते बस्त्यावच्या मागोमाग घरी गेले.