धुरपदाच्या दोराचं दुसरं टोक

आडाच्या काठावरच्या दगडांना दोराच्या खाचाही पडल्या नव्हत्या, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. कातळवाडीच्या वेशीबाहेर मांगवाडा होता आणि तिथं धुरपदा नावाची बाई राहायची. ती अंबाडीच्या वाखाचे दोर वळायची. असं म्हणतात, तिचा दोर हत्तीनं ओढला तरी तुटायचा नाही. गावाच्या एकुलत्या एका आडात तिचेच दोर उतरायचे. ते भिजायचे, गार व्हायचे आणि वर यायचे. धुरपदाला मात्र आडाच्या काठावर पाऊल ठेवायची मुभा नव्हती. ती आणि वस्तीतल्या बाया खाली उतारावर घागरी घेऊन उभ्या राहायच्या. वरच्या कुणाला दया आली तर पाणी ओतलं जायचं. नाही आली, तर ऊन डोक्यावर यायचं आणि बाया रिकाम्या घागरी घेऊन परत फिरायच्या.

पाटलाची धाकटी सून कौसा आडावर असली की न चुकता पाणी ओतायची. तिला त्याचं बरं वाटायचं. आपण गावात सगळ्यांत दयाळू आहोत, असंही कधीकधी वाटायचं.

मग पाऊस रुसला तो रुसलाच. आडाचं पाणी खोल गेलं आणि सगळे दोर आखूड पडू लागले. तेव्हा पाटील स्वतः चालत वेशीपर्यंत आला.

"धुरपदे, लांब दोर वळून दे. गावाचा घसा सुकलाय."

"वळते की पाटील. पर त्या दोरानं आमच्या बाया आपल्या हातानं पाणी शेंदतील. आन् दोर वळताना दुसरं टोक गावातल्या माणसानं धरायचं."

"ऊन लागलं का रं हिला?" पाटलाबरोबरचा एक जण म्हणाला आणि सगळे हसले.

"डोस्कं ठिकाणावर हाय, दादा. घसाच तेवढा कोरडा पडलाय. तुमच्यावाणीच."

हसणं तिथंच थांबलं. पाटील मागं फिरला.

दोर एकट्यानं वळता येत नाही. एकानं पीळ घालायचा तर दुसऱ्यानं टोक धरून उभं राहायला हवं. दुसऱ्या दिवसापासून धुरपदा आडाच्या उतारावर वाख घेऊन बसू लागली. दोराचं एक टोक तिच्या मांडीवर असायचं, दुसरं समोरच्या दगडावर. कुणीच ते उचललं नाही. लोक वळसा घालून जायचे. गाड्या जुंपून लांबच्या नदीवरून पाणी आणायचे आणि तो त्रास सोसायचे, पण टोक उचलायचे नाहीत. वस्तीकडं ना गाड्या होत्या ना बैल. वस्तीतली तान्ही पोरं रडायची थांबली होती. तहानेनं बेजार झालेलं पोर आधी रडतं आणि मग गप्प होतं, हे कौसाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एका दुपारी पुरुषमाणसं गाड्या घेऊन नदीवर गेली होती. सासूचा डोळा लागला होता. कौसा अनवाणी आडावर आली आणि तिनं दगडावरचं टोक उचललं.

धुरपदानं वर बघितलं. "वयनी, घरात ठावं हाय का?"

"नाही."

"मग घट्ट धरा. मधीच सोडलं की समदा पीळ उलगडतो."

असं म्हणतात, त्या दुपारी वारा पडला, पाखरं फांदीवर गप्प बसली आणि दोर आपोआप वाढत गेला, उतरत्या उन्हातल्या सावलीसारखा. दोघी मिळून काठावर आल्या. धुरपदा पहिल्यांदाच काठावर उभी राहिली. तिनं पायाखालचा दगड तळव्यानं चाचपून पाहिला आणि म्हणाली, "गार न्हाई. मला वाटायचं, हितं गार असंल."

दोर तळाला पोचला, पण पोहरा बुडेना. पाणी खडकाच्या फटीत उरलं होतं. कुणीतरी उतरून ते वाटीनं भरायला हवं होतं. धुरपदानं दोर कमरेला बांधला. काठावरच्या दगडी खांबाला त्याचा एक वेढा दिला आणि टोक कौसाच्या हाती ठेवलं. वाटी आणि पोहरा घेऊन, भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवत ती खाली गेली. तळाशी दोर सोडून तिनं तो पोहऱ्याला बांधला आणि कौसानं भरलेले पोहरे वर ओढले. उतारावर ठेवलेल्या वस्तीच्या घागरी भरल्या आणि त्याच पोहऱ्यानं कौसाची घागरही भरली.

"आता मला घ्या वर," आडातून आवाज आला.

"ये मावशी. धरलंय मी." कौसानं तिला मावशी म्हटलं ते त्या दिवशीच.

धुरपदा निम्म्यावर आली असेल, तोच गाड्या परतल्या. गलका ऐकून सासूही धावत आली. आधी तिला खाली ठेवलेल्या घागरी दिसल्या, मग आडात उतरलेला दोर.

"आड बाटवलास, अवदसे! सोड तो दोर! सोड म्हणते ना!"

लग्न होऊन आल्या दिवसापासून कौसानं हा आवाज ऐकला होता आणि ऐकला तसा मानला होता. हात सुटला की तिनं सोडला, हे तिला पुढं जन्मभर सांगता आलं नाही. खांबाचा वेढा सर्रकन निघाला. आडातून किंकाळी आली नाही. दगडावर दोर घासल्याचा आवाज तेवढा आला.

असं म्हणतात, संध्याकाळपर्यंत आड काठोकाठ भरला आणि पाणी उसाच्या रसासारखं गोड झालं. लोक याला चमत्कार म्हणतात. पण ते पाणी गावानं प्यायलं. बाटलेला आड एका घटकेत शुद्ध झाला, आणि वस्तीला पुन्हा वरूनच ओतलं गेलं. हा चमत्कार कुणी सांगत नाही.

कौसा पाटलाच्या घरी राहिली नाही. वस्तीच्या कडेला झोपडी बांधून राहिली. तिच्या तळहातावरचा दोराचा वळ कधी बुजला नाही, असं म्हणतात. दर वर्षी त्या दिवशी ती वाख घेऊन आडाच्या उतारावर बसायची आणि एक टोक समोरच्या दगडावर ठेवायची. तिचे केस पिकले तरी ते कुणी उचललं नाही. ते उचललं गेलं तेव्हा तिचे डोळे गेले होते.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

"मी हाय आजी. धुरपदाची नात."

"घट्ट धर गं बाई," कौसा म्हणाली आणि रडू लागली.

कातळवाडी आजही तो दिवस पाळते. त्या सकाळी गाव आणि वस्ती मिळून आडातला गाळ काढतात. म्हाताऱ्या-आजाऱ्यांच्या घरी पाणी पोचवतात. एकाच चुलीवर भात शिजतो आणि सगळे एका पंगतीत जेवतात. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या नळाला पाणी सगळ्यांत शेवटी येतं आणि सगळ्यांत आधी जातं, हेही तितकंच खरं आहे.

पण त्या दिवशी दुपारी सगळे मिळून दोर वळतात. एक टोक वस्तीकडं असतं, दुसरं गावाकडं. मग तो दोर आडात तळापर्यंत सोडतात आणि उन्हात धरून उभे राहतात. संध्याकाळी दोर वर घेतात. तो हलकाच असतो. पोरानंही सहज ओढला असता. तरी गाव आणि वस्ती दोन्ही हातांनी, पाय रोवून, जपून जपून ओढतात, शेवटचं टोक काठावर येईपर्यंत.