विसार देण्याआधी तीन दारे

एकदा एका वृद्ध वैद्यराजांचा शिष्य अक्षय्य तृतीयेच्या दुपारी धावतपळत त्यांच्या ओसरीवर आला. धावण्याचे त्याचे वय उरले नव्हते. चाळिशी ओलांडलेला, अकरा वर्षे गुरूंच्या हाताखाली काढे उकळून आणि मात्रा उगाळून तयार झालेला मनुष्य तो. परंतु त्या दिवशी त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"गुरुजी, मिळाली! जागा मिळाली!" तो म्हणाला. "गावाच्या कडेला, अगदी रस्त्याला लागून. विहीर आहे, निंबाचं झाड आहे, पुढं चार गाड्या उभ्या राहतील एवढं अंगण. रत्नाकरशेठ म्हणाले, देवानं तुमच्या दवाखान्यासाठीच राखून ठेवली होती म्हणून!"

रत्नाकरशेठ म्हणजे त्या गावातले जमिनीचे मोठे दलाल. चौकात काचेचे ऑफिस, भिंतीवर सत्काराचे फोटो आणि जिभेवर साखर.

"तीन वाजेपर्यंत विसार द्यायचाय," शिष्य पुढे सांगू लागला. "एकदा विसार दिला की सौदा पक्का. शहरातला एक डॉक्टर त्याच जागेवर डोळा ठेवून बसलाय. तुम्ही फक्त चला, नारळ तुमच्या हातून फुटू दे."

"कागद पाहिलेस?"

"आज साडेतीन मुहूर्तांतला दिवस, गुरुजी. आज पंचांगसुद्धा पाहायचं नसतं, शेठच म्हणाले."

"पंचांग पाहायचे नसते, हे खरे," वैद्यराज म्हणाले. "पण सातबारा पाहायचा नसतो, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?"

शिष्य ओशाळला, पण क्षणभरच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी त्याची गत झाली होती. आणि त्याला दोष तरी काय द्यावा? खिशात जे पाकीट होते त्यात अकरा वर्षांची बचत होती आणि म्हाताऱ्या आईने मोडलेल्या पाटल्यांचे पैसे होते. मुलाच्या स्वतःच्या दवाखान्याच्या दारात एकदा बसावे, एवढीच त्या माउलीची इच्छा. हे पाकीट एकदा गेले, तर दुसरे जमवायला ना त्याचे वय उरले होते, ना आईचे.

वैद्यराजांनी काठी घेतली, पायांत वहाणा सरकवल्या आणि म्हणाले, "चल. पण आधी मला तहान लागली आहे."

शिष्याने चटकन माठातले पाणी आणले. गुरूंनी तांब्याला हातसुद्धा लावला नाही. "इथले नको," एवढेच म्हणून ते उन्हात चालू लागले. जागा होती पूर्वेला आणि वैद्यराज निघाले पश्चिमेला! शिष्य मनातून चडफडला. वैशाखाचे ऊन, घड्याळात दीड वाजलेला, आणि ऐंशीच्या घरातला हा माणूस पाणी प्यायला गावभर हिंडतो आहे. पण गुरूला 'का' विचारण्याची त्याला सवय नव्हती.

पहिले दार एका शिक्षकाच्या घराचे होते. त्यांच्या पत्नीने दार उघडले. वैद्यराज म्हणाले, "बाई, पाणी देता का? आम्ही रत्नाकरशेठकडची जागा घ्यायला निघालो आहोत. तुमचे घरही त्यांनीच घेऊन दिले ना?"

बाई आत गेल्या आणि वाळा घातलेल्या पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या. "घ्या, वैद्यबुवा. आजच्या दिवशी पाण्याला कुणाला नाही म्हणू नये. पण त्या माणसाचं नाव आमच्या उंबऱ्यावर काढू नका."

"का हो?" शिष्याच्या तोंडून निघून गेले.

"खरेदीच्या दिवशी पेढे घेऊन आले होते. महिन्याभरानं मालकाचा भाऊ उगवला, म्हणाला माझाही हिस्सा आहे. तेव्हापासून आम्ही कोर्टात फेऱ्या घालतोय. शेठना किती फोन केले! एकदा उचलला, म्हणाले, माझं काम संपलं, आता वकील बघा." बाईंनी रिकामे पेले परत घेतले. "यांना झोप लागत नाही रात्री. तुमच्याच गोळ्या चालू आहेत."

कोणते घर कोणी घेऊन दिले हे वैद्यराजांना कसे ठाऊक, हे शिष्याला आता उमगले. झोप उडालेली माणसे शेवटी वैद्याच्याच ओसरीवर येतात.

दुसरे दार एका किराणा दुकानदाराचे. त्याने शेठमार्फत घर विकले होते. त्यानेही पाणी दिले आणि शेठचे नाव ऐकताच हसून मान फिरवली. "विकेपर्यंत रोज दोनदा यायचे. आता समोरून गेले तरी गाडीची काच वर करतात. मला सांगितलेला भाव एक आणि घेणाऱ्याला सांगितलेला दुसरा, हे मला त्या घेणाऱ्यानंच नंतर सांगितलं. जाऊ द्या. सणासुदीला कशाला बोलायचं?"

शिष्याच्या खिशातला मोबाइल वाजला. रत्नाकरशेठ. "अहो वैद्य, कुठं आहात? दोन वाजून गेले! डॉक्टरांचा माणूस माझ्यासमोर बसलाय, चेकबुक काढून!" शिष्याने गुरूंकडे पाहिले. गुरू पुढच्या गल्लीत वळले होते.

तिसरे दार उघडले आणि आतून आधी हसू आले, मग एक शिंपीणबाई. वैद्यराजांनी या वेळी दुसरेच नाव घेतले. "बाई, थोडे पाणी द्या. हे घर तुम्हांला नकोनानांनी घेऊन दिले, असे ऐकतो."

नकोनाना हा त्याच गावातला दुसरा दलाल. खरे नाव कुणाच्या लक्षात नव्हते. गिऱ्हाइकाने जागा पसंत केली की हा आधी 'नको' म्हणतो, म्हणून गावाने हे नाव ठेवले होते. ऑफिस नाही, पाटी नाही, एक जुनी स्कूटर तेवढी.

"नानांनी पाठवलं का तुम्हांला? बसा, बसा! पाणी कसलं, पन्हं देते." बाई आत जाता जाता बोलतच होत्या. "मेल्या माणसानं रडवलं हो मला! दोन घरं पसंत केली होती, दोन्ही मोडून टाकली. एकाला म्हणे पावसाळ्यात पाणी घुसतं, दुसऱ्याची वाट परक्याच्या मालकीची. मी तोंडावर म्हटलं, नाना, तुम्हांला दलाली नको असेल, आम्हांला घर हवंय!"

"आणि या घरात काहीच खोट निघाली नाही?" वैद्यराजांनी विचारले.

"निघाली की. मागची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर गेली होती. नानांच्या नजरेतून सुटलं होतं ते. पण कळलं त्या दिवशी स्वतः मोजणीवाल्याला घेऊन आले, चार दिवस शेजाऱ्याच्या ओट्यावर बसले आणि समजूत घालूनच उठले. सहा वर्षं झाली, अजून दिवाळीला येतात. म्हणतात, भिंतीला ओल तर नाही ना?"

पन्ह्याचा पेला शिष्याच्या हातात तसाच राहिला. मोबाइल पुन्हा वाजला. तीनला दहा कमी होते.

"शेवटचं विचारतोय," शेठ म्हणाले, "घेताय की देऊ दुसऱ्याला?"

शिष्य म्हणाला, "शेठ, मी येतो. आत्ता येतो. पण आधी आपण दोघं तुम्ही घेऊन दिलेल्या एखाद्या घरी पाणी प्यायला जाऊ. कोणत्याही. घर तुम्हीच निवडा."

शेठ म्हणाले, "आज कुठं वेळ आहे हो!" आणि फोन बंद झाला.

शिष्य मटकन ओट्यावर बसला. भीतीने की सुटकेने, त्याचे त्यालाच कळेना; पण खिशातले पाकीट त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. वैद्यराज त्याच्याजवळ बसले.

"अरे, औषध देताना प्रत्येक वैद्य शहाणाच दिसतो," ते म्हणाले. "त्याचा खरा गुण रोगी घरी गेल्यावर कळतो. जागा दाखवणाऱ्याचेही तसेच आहे. विसार घेईपर्यंत त्याला तुझी गरज असते, म्हणून तो गोड बोलतो. सही झाली की तुला त्याची गरज लागते. त्या दिवसापासून तो कसा वागतो, हे जागेकडे पाहून कसे कळणार? ते जुन्या गिऱ्हाइकांनाच ठाऊक असते. चूक कोणाच्याही हातून होते, नकोनानाच्याही झाली. चूक कळल्यावर जो त्याच दारी परत येतो, त्याच्या हाती आपला पैसा द्यावा."

मग दोघे नकोनानांकडे गेले. नाना अंगणात स्कूटर पुसत होते. शिष्याने उत्साहाच्या भरात निंबाची, विहिरीची, दवाखान्याची आणि आईच्या इच्छेची सगळी हकीकत सांगून टाकली.

"दुसऱ्याच्या मालाबद्दल मी बोलत नसतो," नाना म्हणाले. "पण गट नंबर आहे ना तुमच्याकडं? मग सातबाऱ्यावर नावं किती, तेवढी मोजा."

शिष्याने तिथेच मोबाइलवर उतारा उघडला आणि बोट सरकवत मोजू लागला. नावे नऊ होती. विकायला निघालेला मालक एकच होता. उरलेल्या आठ जणांनी उद्या कोर्टाची पायरी चढली असती, तर आईला दवाखान्याचे दार दिसले असते ते कोर्टाच्या फायलीत.

त्याने पाकीट काढून नानांपुढे धरले. "नाना, आता तुम्हीच बघा. हवं तर विसार आजच ठेवा, मुहूर्त आहे."

"नको," नाना म्हणाले.

शिष्याला हसू फुटले. वैद्यराजही हसले.

"पैसे आईकडं ठेवा," नानांनी फडके झटकले आणि पायरीवर बैठक मारली. "आधी मला सांगा, तुमच्याकडं रोगी कोणत्या वयाचे येतात? गुडघेदुखीचे जास्त असतील तर चढाची जागा चालायची नाही. येतात कुठून, एसटीनं की पायी? काढे उकळणार म्हणजे पाणी गोडं हवं, विहीर चैत्रात आटते का ते बघावं लागेल. आणि आई कुठं बसणार दिवसभर? उन्हाची बाजू कोणती चालेल त्यांना?"

महिनाभर जागा शोधत होता तो, पण हे प्रश्न त्याला कोणीच विचारले नव्हते. शेठनी जागेचे गुण सांगितले होते, दवाखान्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. शिष्य एकेका प्रश्नाचे उत्तर देऊ लागला, आणि देता देता त्याच्या ध्यानात आले की हा माणूस आपली नाडी पाहतो आहे; अगदी गुरुजी नव्या रोग्याची पाहतात तशी, औषधाचे नाव काढण्याआधी.