हसाजी तेल्याचा शनिवार

कुलाब्याच्या किनाऱ्याला अजून आगबोटीचा धूर दिसला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. सांजणे नावाच्या गावात बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, थोडी घरं होती. ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायचे, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. त्यांच्यात हसाजी नावाचा एक तेली होता. तोंडाचा फटकळ, पण खोटं म्हणून कधी बोलला नाही, असं म्हणतात. जमातीत कुणी पुरुष गेला की त्याला आंघोळ घालायची, पांढरं कापड नेसवायचं आणि मातीत ठेवेपर्यंत त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, हे काम हसाजीचं.

हसाजीची बायको केव्हाच गेली होती. एकुलता एक मुलगा, एलोजी. त्याचं लग्न झालं, मिलका सून होऊन घरात आली, आणि पहिलाच पावसाळा सरल्यावर एलोजी तेलाचे बुधले घेऊन गलबतानं मुंबईला निघाला. ते गलबत परत आलं नाही.

चार दिवसांनी वाळूवर एक प्रेत लागलं. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. उंची तीच, बांधा तोच, सुंताही झालेली. पण ती तर मुसलमान खलाशांचीही असतेच. वास असा की जवळ जायला कुणी धजेना. हसाजीनं आडोसा केला आणि एकट्यानं त्याला आंघोळ घातली.

आता इथे थोडं धर्माचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवरा मेला हे कुणी ओळखून सांगितलं, तरच बायको मोकळी होते. तसं कुणी सांगणारं नसेल तर ती ना सवाष्ण, ना विधवा. तिला दुसरं लग्न नाही, आणि नवऱ्यासाठी मोकळेपणी रडणंही नाही. मिलका तर अजून पोरच होती.

जमातीचे काजी आले. सगळी मंडळी आडोशाबाहेर उभी राहिली, मागे मिलका. काजींनी विचारलं, "हसाजी, हा एलोजीच ना?"

लहानपणी एलोजीच्या डाव्या पायाची करंगळी घाण्यात गेली होती. या पायाला पाचही बोटं होती. हसाजीशिवाय ती कुणी पाहिली नव्हती, आणि तो 'हो' म्हणाला असता तर कापड वर करून कुणी बघणारही नव्हतं.

"नाही," हसाजी म्हणाला. "हा माझा नव्हे. कुणाचा तरी आहे."

"नीट आठवा," काजी हळूच म्हणाले. "पोरीच्या अख्ख्या जन्माचा प्रश्न आहे."

"आंघोळ घालणाराच खोटं बोलायला लागला, तर मेलेल्यांनी भरवसा कुणावर ठेवायचा?"

"मामंजी, एक शब्द तर बोलायचा होता," मिलका म्हणाली. त्यानंतर ती हसाजीशी बोलली नाही. ताट वाढायची, अंगरखा धुवायची, पण बोलायची नाही.

खरं बोलणं सोपं असतं हो, विशेषतः त्याची किंमत दुसऱ्यानं मोजायची असते तेव्हा. पण हसाजीला ते सोपं गेलं नाही. त्यानं त्या अनोळखी माणसाला आपल्या कबरस्तानात जागा दिली, त्याच्यासाठी स्वतःचा अंगरखा फाडला आणि सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसला. म्हणाला, "ह्याच्या आईबापाला कुठे ठाऊक आहे?" मग उठला आणि मुलाला शोधायला लागला. शनिवार सोडून रोज ओहोटीला तो किनारा चालायचा. समुद्र ज्याला टाकेल त्याला पुरायचा. त्याचे केस पांढरे झाले. मिलकाचेही झाले. हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या, आणि तिला मागणी घालायचं वय निघून गेलं.

असं म्हणतात, की एका शुक्रवारी दिवस बुडता बुडता समुद्रानं एलोजीला आणून ठेवलं. इतकी वर्षं गेली, पण चेहरा काल निघाल्यासारखा. डाव्या पायाला करंगळी नाही. हसाजी त्याच्यापाशी पोचला तोच शब्बाथ लागला; त्यांचा शनिवार शुक्रवारी दिवस बुडाला की सुरू होतो. शब्बाथच्या दिवशी मयत उचलायचं नाही, पुरायचं नाही. आणि भरती तर येणार होती.

पोशा कोळी धावत आला. "काका, आमाला कसला शनवार? आमी उचलताव!"

"माझ्यासाठी तू उचललंस, म्हणजे मीच उचललं. राहू दे, बाबा."

तो समुद्राकडे पाठ करून मुलापाशी बसला. रात्र गेली, सकाळ झाली. दुपारी मिलका वाळूतून चालत आली आणि शेजारी बसली.

"मामंजी, मी बसते ह्यांच्यापाशी. तुम्ही टेका जरा."

हसाजी खडकाला टेकला. असं म्हणतात, की त्या रात्री आणि त्या दिवशी सांजण्याला भरती आलीच नाही. सगळ्या किनाऱ्यावर पाणी चढलं, आणि तिथे मात्र हातभर अलीकडे थांबून राहिलं. आभाळात तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला, तेव्हा लोक डोली घेऊन आले. त्यांनी हाका मारल्या, पण हसाजी उठला नाही.

दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. काजी, आधीच्यांचा मुलगा, मिलकाला म्हणाले, "बाई, तुम्ही आता मोकळ्या झालात. नवऱ्यासाठी सात दिवस बसा. सासऱ्यासाठी बसायला धर्म सांगत नाही."

"नवरा मी एक पावसाळा पाहिला," मिलका म्हणाली. "त्यांचा आवाजही आठवत नाही मला. मी मामंजींसाठीच बसतेय."

आज सांजण्यात त्यांची दोनच घरं उरली आहेत. बाकीचे इस्राएलला गेले. पण तिथून कुणी आईबापाच्या कबरीवर सब्जा वाहायला आणि रीतीप्रमाणे दगड ठेवायला आलं, तर पहिला दगड त्या अनोळखी माणसाच्या कबरीवर ठेवतं, दुसरा हसाजीच्या, आणि मग आपल्यांच्या. आणि त्या गावच्या सुना, जिथे असतील तिथे, सासरा गेला की सात दिवस जमिनीवर बसतात. धर्म त्यांना सांगत नाही.